पदराखालचा हात

माझ्या सासूबाई माझ्याशी बोलत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं. उलट मान फार होता, आणि तोच नडला. त्यांच्या घरची रीत अशी, की सासूनं जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या पुढ्यात बसायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. मी बाहेरच्या खोलीत जेवायला बसलेला, त्या स्वयंपाकघराच्या दाराआड, आणि मधे माझी बायको. "त्याना ईचार, अजून भाकरी देव का?" मी म्हणायचो, "नको, पोट भरलं." बायको मान वळवून सांगायची, "नको म्हनतान." दार उघडं, अंतर दोन पावलांचं, आणि निरोप मात्र परगावी पाठवल्यासारखा!

सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे वैताग यायला लागला. एकदा मी बायकोला म्हणालो, "तुझ्या आईला मी काय वाघ वाटतो का?" तर ती म्हणाली, "वाघ परवडला. तू जावई आहेस."

घरी आम्ही दोघंच असलो की ती मला अरे-तुरे करते, आणि माहेरच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की एकदम 'अहो' सुरू. आमचं लग्न ठरवून झालेलं नाही. पनवेलला ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करतो, तिथेच ती रिपोर्ट टाइप करायची. माझं काम लोकांचं रक्त काढणं, नमुने घेणं, काचेच्या पट्ट्या रंगवून तयार ठेवणं. निदान करायला आमच्या डॉक्टर मॅडम. माझे वडील नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले, म्हणजे तिच्या गावच्या हिशेबात मी घाटी. ती उरणच्या वाटेवरची, खाडीकाठच्या गावातली. घाट्याला मुलगी द्यायची म्हटल्यावर सासूबाईंनी आधी अन्नपाणीच सोडलं होतं म्हणे. पण एकदा हो म्हटलं ते म्हटलं. त्यानंतर माझ्या मानात त्यांनी तसूभर कसर ठेवली नाही. मला वाटतं, आधी नाही म्हटल्याची भरपाईच करत होत्या.

आणि ती भरपाई म्हणजे जिताडा.

ज्यांनी आमच्याकडचा जिताडा खाल्ला नाही, त्यांना काय सांगावं! खाडीत भरतीबरोबर या माशाची पिल्लं येतात. गावातले लोक ती पकडून घरामागच्या तळ्यात सोडतात आणि वर्ष-दोन वर्षं वाढवतात. विकायला नाही, तर मानाच्या माणसासाठी. साहेब घरी आला, जिताडा. मुलीचं ठरवायला पाहुणे आले, जिताडा. आणि जावई आला की जिताडा असलाच पाहिजे, नाहीतर गावात नाक कापलं जातं. सासरे मी जावई होण्याआधीच गेले होते. मेव्हणा बंदरात कंटेनर यार्डात कामाला, त्याच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या. त्यामुळे आम्ही येणार असा फोन गेला की सासूबाई स्वतः कासोटा मारून, हातातलं छोटं जाळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरायच्या. मी हे कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. मी पोचायचो तेव्हा कालवण चुलीवर असायचं आणि त्या कोरडं लुगडं नेसून दाराआड.

मी आवडीनं खायचो, हे खोटं कशाला सांगू? बोटं चाटून खायचो. "त्याना आवरला का?" म्हणजे आवडला का, असा दाराआडून प्रश्न यायचा आणि मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो, "एक नंबर!" मग आत भांड्यांचा जरा जास्तच आवाज व्हायचा. ते त्यांचं हसणं असावं.

ते तळं पूर्वी स्वच्छ होतं, असं बायको सांगते. लहानपणी ती त्यात पोहलेली आहे. गेल्या काही वर्षांत आजूबाजूला भराव पडले, टॉवर उठले, नाल्याची तोंडं कुठून कुठे वळली. पावसाळ्यात गटाराचं पाणी तळ्यात उतरू लागलं. कडेला चिखल काळा पडला, वास यायला लागला. मेव्हणा म्हणायचा, बुजवून टाकू. सासूबाई म्हणायच्या, "मंग जावय येल तवा काय शिजवू? तुजी टोपी?"

त्याच तळ्यात त्यांच्या हाताला मासा लागला. जिताड्याच्या पाठीचे काटे टोकदार, आणि कल्ल्याची कड तर पात्यासारखी. उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, मनगटाच्या जरा खाली, कापलं. कोळणीला मासा लागणं यात नवल ते काय? हळद दाबली आणि स्वयंपाकाला लागल्या. जखम भरली. मग काही आठवड्यांनी तिथं एक लालसर पुळी आली आणि तिच्याभोवती खाजरा, खपल्या धरणारा गोल चट्टा.

"आयच्या हाताला नायटा झालाय," बायको मला पनवेलला आल्यावर म्हणाली.

"मग दाखव ना."

"तुला? अरे, ती तुझ्यासमोर नख दाखवत नाही, हात काय दाखवेल?"

आमच्या घरात एक ट्यूब असते. तुमच्याही असेल. औषधाच्या दुकानात जाऊन 'खाजेवरचं मलम द्या' म्हटलं की जी हातात पडते ती. मला मांडीला खाज आली ती लावली, बायकोला बुटांमुळे बोटांत झालं तीच लावली, शेजारच्या काकूंनी एकदा मागून नेली आणि अर्धी करून परत दिली. माहेरी जाताना बायकोनं ती पर्समध्ये टाकली. त्यात काय! नायट्यावर मलम. दोन दिवसांत आईचा फोन आला, खाज गेली, लाली गेली, पोरीनं गुण आणला. बायको खूश. मीही म्हटलं, चला, मिटलं.

मिटलं कुठलं! ट्यूब थांबवली की चट्टा परत यायचा, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठा. ट्यूब लावली की पुन्हा गुमान बसायचा. गावातल्या डॉक्टरनं इसब म्हटलं, भांड्यांचा साबण बदला म्हणाला. मग दुसरी ट्यूब आली. कुणी म्हणालं हातमोजे घाला. रबरी हातमोजे घालून सासूबाईंनी मासे साफ केले आणि ते तिथंच फेकून दिले. असे महिने गेले. मी सासुरवाडीला जायचो, त्या दाराआड असायच्या, आणि उजवा हात पदराखाली. पूर्वी पदर फक्त डोक्यावर असायचा, आता तो खांद्यावरून ओढून हाताभोवतीही गुंडाळलेला. मला ते दिसत होतं. पण त्या घरात माझ्यापासून इतकं काही झाकलेलं असायचं, की त्यात आणखी एक झाकलं गेलं तर वेगळं काय वाटणार?

एकदा मात्र, सुरुवातीच्याच दोन-तीन महिन्यांत, मी विषय काढला होता. जेवता जेवता म्हणालो, "आई, हात बघू द्या ना जरा. माझं रोजचं काम आहे ते." बाप रे! जसा काही मी तांब्याच फेकून मारला. दाराआडची सावली आत पळाली. मेव्हण्याची बायको वाढता वाढता थबकली. माझ्या बायकोनं डोळे वटारले. आतून आवाज आला, माझ्यासाठी नाही, लेकीसाठी, पण मला ऐकू येईल असा: "त्याना सांग, जेवाला बसलेल्या मानसाना घान दाखवाची नस्ते. आमी काय मेलो नाय."

मी तापलो. मीही तसा गरीब गाय नाही. म्हटलं, "राहू दे मग! नाही बघायचा मला." आणि खरंच त्यानंतर मी विचारलं नाही. घरी जाताना गाडीत बायको म्हणाली, "तू तरी कशाला जेवताना..." मी म्हणालो, "मग कधी? जेवताना सोडून दुसरं काय करतो मी तिथं?" तेही खरंच होतं.

शेवटी बोललं ते भाकरीनं. सासूबाईंची तांदळाची भाकरी हातावर थापलेली असायची, पाण्याच्या हातानं फिरवत फिरवत, इतकी पातळ की वाफेनं फुगली की वरचा पापुद्रा थरथरायचा. त्या दिवशी पानात जी भाकरी पडली ती कडेला जाड आणि मधे तडकलेली. मी काही म्हणणार नव्हतो. पण बायकोनं पहिला घास तोंडात घातला आणि तिचे हात थांबले. "ही कुणी केली?" तिनं वहिनीला विचारलं. मेव्हण्याची बायको खाली बघून म्हणाली, "मीच. आत्यांची बोटा मिटत नाय."

बायको ताडकन उठून आत गेली. मग मी जे ऐकलं ते रडणं होतं, दोघींचं. जरा वेळानं ती दारात आली आणि मला म्हणाली, "अहो, या आत." तिचा आवाज असा होता की मी उष्ट्या हातानंच उठलो.

इतक्या वर्षांत त्या स्वयंपाकघरात माझं ते पहिलं पाऊल. सासूबाई चुलीशी बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे, पदर पार हनुवटीपर्यंत. फक्त उजवा हात मागे, माझ्याकडे केलेला. लसीच्या रांगेत लहान मूल तोंड फिरवून दंड पुढे करतं ना, तसा. मनगटापासून वर अर्ध्या हातापर्यंत ते चढलं होतं. जाड, जांभळट गाठी, मधे मधे चिघळलेलं, कडेला खपल्या. बोटं आकड्यासारखी वाकलेली. रोज पन्नास हात बघणारा माणूस मी. असा एकही पाहिला नव्हता.

"हा नायटा नाही," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

दुसऱ्याच दिवशी पनवेलला चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि आधी विचारलं, मलम कुठलं लावत होता? बायकोनं पर्समधून ट्यूब काढली. त्यांनी नुसती ती टेबलावर आडवी ठेवली. मग म्हणाले, बुरशी असू शकते, चामडीचा क्षय असू शकतो, आणखीही काही. बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही. तुकडा काढून तपासायला पाठवू.

तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. नमुन्याच्या बाटलीवरचं सासूबाईंचं नाव मी दोनदा वाचलं. मॅडमनी काच बघितली, पुन्हा बघितली, मग खुर्ची मागे सारून मला म्हणाल्या, "इकडे ये. हे बघ. मी हे आजवर फक्त पुस्तकात पाहिलंय." मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. गोल गोल पेशी, आणि काहींच्या आत खण पडलेले, सीताफळाच्या पाठीवर डोळे असतात तसे. "बुरशी?" मी विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या, "बुरशी वाटते, पण नाही. मला जे वाटतंय ते शेवाळाच्या जातीतलं आहे. हिरवा रंग गमावलेलं. घाण पाण्यात, चिखलात असतं. सहसा माणसाला काही करत नाही. पण जखमेतून आत गेलं, आणि वरून कुणी प्रतिकार दाबणारं मलम चोळत राहिलं, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मीही करू दिलं नाही. खात्रीसाठी नमुना मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात गेला. तिथं ते वाढवून पाहिलं आणि उत्तर तेच आलं.

आता हे घरी सांगायचं कसं? मी बायकोला सांगितलं, बायकोनं आईला. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "शेवाल? हातावर? मी काय हीर हाय?" मेव्हणा फिस्सकन हसला आणि मग सगळेच हसले, त्याही. त्या हसण्यात मी पण होतो. आणि मला आठवतं, त्याच वेळी मनात आलं, की या बाईशी मी बोललो असतो तर किती मजा आली असती! इतकी वर्षं दाराआड हे सगळं वाया गेलं.

मग मुंबईचं हॉस्पिटल. गोळ्या, आणि शिरेतून द्यायचं एक जालीम औषध, जे चढलं की त्यांना हुडहुडी भरायची आणि दात वाजायचे. शस्त्रक्रिया करून गाठी काढल्या, मांडीची कातडी काढून हातावर बसवली. तिथं पदराची रीत चालणार कुठे? बायकोला रजा मिळायची नाही, मेव्हण्याची पाळी, वहिनीला घर. उरलो मी. पहिल्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हातानं चादर डोक्यावर ओढून घेतली. मी म्हटलं, "आई, चादर हॉस्पिटलची आहे, पदर नाही. बाहेर काढा डोकं, गुदमराल." मग चादरीतून आवाज आला, "भात हाय का पेज?" आमचं ते पहिलं थेट बोलणं.

त्यानंतर मात्र बांध फुटला. काय काय बोलल्या! तळ्याबद्दल, सासऱ्यांच्या होडीबद्दल, माझ्या बायकोनं लहानपणी चिंबोरीला दोरी बांधून कुत्र्यासारखं फिरवलं त्याबद्दल. मला घाटी म्हणून चिडवायच्या. "तुमच्याकडं मासा पान्यात ऱ्हातो हे ठावक हाय ना?" मी भात कालवून चमच्यानं भरवायचो. पहिल्या घासाला डोळे मिटून घेतले त्यांनी, लाजेनं. नंतर हक्कानं तोंड उघडायच्या, मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायच्या.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी सर्जननी मला बाहेर बोलावलं. रोग आटोक्यात आला होता, गोळ्या पुढे बरेच महिने चालू ठेवायच्या होत्या. पण तो बोटं मिटवणाऱ्या शिरांपर्यंत गेल्यामुळे हात आता मिटणार नाही, म्हणाले. मी विचारलं, विचारायला नको होतं, "आधी आलो असतो तर?" ते सरळ माणूस होते. म्हणाले, "पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाटाण्याएवढं असणार. तेवढं काढून टाकलं असतं आणि गोळ्या दिल्या असत्या, तर बहुतेक हात शाबूत राहिला असता."

मी आत गेलो. सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. पांढऱ्या पट्ट्यांतला हात उशीवर. माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "जावयबुवा, येक ईचारू? त्या दिवशी जेवताना तुमी हात मांगितलाव. तवा दिला असता तर... वाचला असता काय?"

काय सांगणार होतो मी? त्या बाईनं माझा मान राखायला हात झाकला होता. माझ्या पानात वाढायला तळ्यात उतरली होती. आणि आता मी म्हणू, हो, वाचला असता?

"नाही हो," मी म्हणालो. "हा रोगच तसा. तेव्हा दाखवला असता तरी हेच झालं असतं."

त्यांनी सुस्कारा सोडला. किती हलका! "मंग बरा," म्हणाल्या. "मना वाटला, उगाच गेला." आणि त्या रात्रभर शांत झोपल्या, असं सकाळी नर्सनं सांगितलं. मला बरं वाटलं. खरंच वाटलं. बायकोलाही मी तेच सांगितलं, कारण ट्यूब तिची होती आणि ती रोज स्वतःला खात होती. तीही जरा सावरली.

पुढच्या वेळी सासुरवाडीला गेलो तेव्हा सासूबाई बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर बसल्या. पदर डोक्यावर, पण चेहरा उघडा, आणि तोंड तर काय, अखंड चालू. शेजारणी डोकावून बघून जात होत्या. पान वाढलं. जिताडा होता.

"हा कुणी काढला?" मी विचारलं.

"सुनेनी," त्या कौतुकानं म्हणाल्या. "मना कुटं आता जमतंय? ती शिकली."

माझा घास हातातच राहिला. मी वहिनीकडे बघितलं. ती कालवणाची वाटी घेऊन उभी होती, डाव्या हातानं. उजवा हात पदराखाली.

"वहिनी, हाताला काय झालं?"

ती गोरीमोरी झाली. सासूबाईंकडे बघायला लागली. आणि सासूबाई, ज्या आता माझ्याशी थेट बोलत होत्या, अगदी सहज म्हणाल्या, "काय नाय ओ. जरा नायटा आल्यागत झालाय. मीच बोलले तिला, मलम लाव आनी गप ऱ्हा. जावयाना कशाला दाखवाचा? तुमीच बोललाव ना, आदी दाखवून काय फरक परत नाय."

माझी बायको माझ्याकडे बघत होती. वळचणीच्या फळीवर एक ट्यूब होती, शेपटीकडून दुमडत आणलेली. मी हातातला घास ताटात ठेवला. मला स्वतःचा असा राग आला की काय सांगू, आणि त्याहून जास्त भीती वाटली. एका माणसाचं मन राखायला बोललेलं वाक्य दुसऱ्याच्या हातावर चढलं होतं.

"आई," मी म्हणालो, "मी खोटं बोललो."

मी ताट जरा मागे सारलं.

"त्या दिवशी हॉस्पिटलात. तुम्ही विचारलंत तेव्हा. तुमचा हात वाचला असता. डॉक्टरांनी मला तसं सांगितलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी नाही म्हणालो. लवकर दाखवला असता तर वाचला असता."

माझ्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. नजर हटवली नाही, पदर ओढला नाही. मला वाटलं, आता उठतील आणि पुन्हा त्या दाराआड जातील, आणि या वेळी कायमच्या. त्या उठल्याही. पण सुनेकडे गेल्या. आपल्या न मिटणाऱ्या बोटांनी त्यांनी तिचा पदर बाजूला केला. ते जमत नव्हतं, दोनदा निसटला. मग तिचं मनगट दोन्ही हातांत धरून तिला माझ्यापुढे आणून बसवलं, आणि तिचा हात माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"बगा," त्या म्हणाल्या. "नीट बगा. आनी परत मना खोटा सांगू नका. माजा हात गेलाय, कान शाबूत हायत."

बोटाच्या मुळाशी एक गोल, लालसर, खाजरा चट्टा होता. मी उष्टा हात धुतला, उजेडात नेऊन बघितलं. बघून काय कळणार होतं? आईंचाही असाच दिसला असणार. ट्यूब मी खिशात घातली. दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन मेव्हणा पनवेलला आला, डॉक्टरांनी खरवडून नमुना दिला, मीच काच तयार केली आणि मॅडमच्या पुढ्यात ठेवून तिथंच उभा राहिलो. मॅडमनी वेळ लावला. मग वर बघून म्हणाल्या, "साधी बुरशी आहे रे. नायटाच. जा, श्वास घे."

मी लॅबच्या बाहेर येऊन सासुरवाडीला फोन लावला. पूर्वी फोन नेहमी वहिनी किंवा मेव्हणा उचलायचे. या वेळी सासूबाईंनीच उचलला, हातात घेऊन बसल्या असाव्यात. मी म्हणालो, "आई, काळजी नाही. साधा नायटा निघाला. औषधानं जाईल."

"देव पावला," त्या म्हणाल्या. मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो म्हणणार तेवढ्यात त्यांचा आवाज आला, बारीक, पूर्वी दाराआडून यायचा तसा.

"माजा पन साधाच दिसत व्हता, जावयबुवा."

समोर रक्त द्यायला आलेले लोक बाह्या वर करून बसले होते.